उसनं दुखणं

गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराची तपासणी तिसऱ्यांदाही निगेटिव्ह आली, तेव्हा डॉ. केळुसकरांनी कपाटातून संवेदनपट्टा काढला. त्याचं एक टोक त्यांनी हेमांगीच्या मनगटाला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या. हेमांगी रानात ऑर्किडं शोधत हिंडायची. वर्षापूर्वी तिला गोचीड चावली आणि तेव्हापासून तिचं अंग धड नव्हतं.

“थोडा वेळ तुमचं दुखणं मला जाणवेल,” डॉक्टर म्हणाल्या.

हेमांगी कुतूहलाने बघत राहिली. डॉक्टरांचा हात आधी गुडघ्याकडे गेला, मग खांद्याकडे. तिचं दुखणं असंच जागा बदलत हिंडायचं. मग त्यांनी स्वतःचा डावा गाल चिमटीत धरला.

“हा बधिर आहे. गालाचं तुम्ही बोलला नाहीत.”

“आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, मनाचे खेळ आहेत. पुढे मलाही तसंच वाटायला लागलं.”

लाइम नसांपर्यंत पोचल्याच्या संशयाने डॉक्टरांनी मणक्यातल्या पाण्याची तपासणी लिहून दिली आणि तिचा निकाल येण्याआधीच औषध सुरू केलं. हेमांगी पट्टा सोडायला लागली.

“थांबा,” डॉक्टर डोळे मिटून म्हणाल्या. “अजून थोडं समजून घेऊ दे.”

हेमांगी निवांत मागे टेकली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं.