“पिण्यायोग्य”

टाकीच्या भिंतीवर रंगारी शेवटचं अक्षर भरत होता. प्रयोगशाळेतली बाई खाली उभी राहून वाचत होती. या टाकीचं पाणी तपासून अहवाल तिनेच लिहिला होता.

या टाकीतील “पाणी” “पिण्यायोग्य” आहे.

‘पाण्याला अवतरणचिन्हं कुणी घातली?’ तिने विचारलं.

‘मीच, ताई,’ तो शिडीवरून म्हणाला. ‘तुमच्या कागदावर एकाच शब्दाला होती. एकालाच घातली की शेजारचा उघडा पडतो.’

आवारात सगळ्या पाट्या त्याच्याच हातच्या होत्या. येथे “गाड्या” लावू नयेत. “लिफ्ट” बंद आहे. कुत्र्यापासून “सावध” राहा. सगळ्यांच्या खाली, “आदेशावरून”. एरवी ती हसली असती.

‘कागदावरची चिन्हं मी मुद्दाम घातली होती,’ ती हळूच म्हणाली.

‘मग! उगाच कोण घालतं? शब्दाला वजन येतं त्याने.’

मंगळवारी साहेब तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते. पाण्यात मैल्यातले जंतू सापडले होते. आकडा तिने दोनदा काढला, मग तिसऱ्यांदा. साहेब ओरडले नाहीत. ‘मॅडम, एक शब्द तेवढा माझा लिहा. बाकी अहवाल तुमचा,’ एवढंच म्हणाले. तिने शब्द लिहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक रेघा ओढल्या. हा शब्द आपला नाही हे वाचणाऱ्याला कळेल, असं तिला वाटलं होतं. साहेबांनी तिच्यासमोरच अहवाल वाचला, ‘छान’ म्हणाले आणि पुढे पाठवला.

बादली घेऊन एक बाई नळाशी आली. मागे तिची पाच-सहा वर्षांची मुलगी होती. बादलीवालीने मान वर करून पाटी वाचली.

‘झालं का एकदाचं! दोन महिने पाणी उकळून जीव मेटाकुटीला आला. तपासणाऱ्या बाई तुम्हीच ना?’

‘हो.’

‘मग आता नको ना उकळायला?’

रंगारी ब्रश पुसत ऐकत होता. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘उकळलेलं केव्हाही चांगलंच,’ ती म्हणाली.

‘ते काय हो, डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात,’ बादलीवाली हसली. ‘इथे एवढं ठासून लिहिलंय की!’

‘दोन्ही शब्दांना दोन्हीकडून खिळे ठोकलेत,’ रंगारी वरून म्हणाला.

बादलीवालीने नळ सोडला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. ते जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. बादलीवालीने बादलीतला पेला काढून विसळला, काठोकाठ भरला आणि पुढे धरला.

‘घ्या, उन्हातून आलात. पहिला मान तुमचा.’

ऊन डोक्यावर होतं. तिच्या घशाला केव्हाची कोरड पडली होती.

‘नको,’ ती म्हणाली. ‘तहान नाही.’

‘बरं बाई.’ बादलीवालीने हात मुलीकडे वळवला. ‘घे गं, तू पी.’

पेला मोठा होता. मुलीने तो दोन्ही हातांनी धरला.