घरचं माणूस

अंकितच्या घशातला कफ ओढून झाल्यावर मोहिनीनं मशीन बंद केली. आठ वर्षांच्या त्या पोराच्या छातीतली घरघर थांबली.

"झालं, बाबू."

"सिस्टर, आई कवा येते?"

"साडेसहाच्या एसटीनं."

अंकितची आई सकाळी सातलाच ड्युटीवर निघायची. मग देवळीतल्या त्या घरात दिवसभर अंकित, त्याचे आजोबा प्रेमदास आणि मोहिनी.

मोहिनी पुलगावची. तिच्या सहा वर्षांच्या नंदिनीलाही अंकितचाच आजार होता. स्नायू गळत जाणारा, बरा न होणारा. एक घास गिळायला तिला पाच-पाच मिनिटं लागत. मोहिनीनं दवाखान्यातली नोकरी सोडली आणि दोन वर्षं लेकीचं सगळं स्वतः केलं. घरच्या नर्सिंगसाठी विमा कंपनीकडं अर्ज केला. कंपनीचा माणूस येऊन सगळं पाहून गेला. महिन्याभरानं पत्र आलं. नामंजूर.

तिनं फोन लावला. "साहेब, मी रजिस्टर्ड नर्स आहो."

"पण आई आहात ना? घरच्या माणसानं केलेली सेवा पॉलिसीत बसत नाही. बाहेरची नर्स ठेवा, मग पाहू."

बाहेरची नर्स पुलगावात यायला तयार होईना. चार महिन्यांनी एक मिळाली, पौर्णिमा. तिचा पगार कंपनीनं मंजूर केला. पण औषधांचा खर्च चालूच होता. मोहिनीलाही देवळीची ही ड्युटी धरणं भाग होतं.

परवा नंदिनीचा पहिला दात पडला. पौर्णिमानं पाहिला. मोहिनी घरी पोचली तेव्हा नंदिनी आजीजवळ झोपली होती.

प्रेमदासनं चहा आणून ठेवला. "आपलं लेकरू सोडून माह्या नातवाले सांभाळून राह्यल्या तुम्ही, सिस्टर."

 मोहिनीनं अंकितला कुशीवर वळवलं, पाठीमागं उशी सरकवली. त्यानं तिचा हात धरला. तो सोडवून घ्यायला तिला जरा वेळ लागला.

दुपारी अंकितचा डोळा लागल्यावर ती ओसरीवर गेली आणि घरी फोन लावला.

"पौर्णिमाताई, जेवली का ती?"

"अर्धी वाटी वरण-भात. पाऊण तास लागला. सकाळपासून तुमचंच नाव घेऊन राह्यली."

  मग पलीकडून पौर्णिमानंच हळूच विचारलं, "अन् माह्या अंकितनं खाल्लं का जी?"