बारा नंबरचा संगणक

तपासणीला आलेल्या मॅडम कोपऱ्यातल्या संगणकाकडे वळल्या आणि संगणकाचे सर घाईघाईनं त्यांच्या मागे गेले.

वर्गात संगणक बारा. त्यातला हा शेवटचा दोन वर्षांपासून बंद. सरांनी त्याच्या काळ्या पडद्यावर संगणकावर दिसतो तशा गुणतक्त्याचा रंगीत छापील कागद चिकटवला होता. तिथं बसणाऱ्या मुलीला निदान कुठला चौकोन कुठं असतो ते कळावं, एवढाच हेतू. पण मुलं हजेरीच्या नंबराप्रमाणे बसत, आणि बारा नंबरची मुलगी दोन्ही वर्षं तीच. तिची जागा एक दिवसही बदलावी असं सरांच्या डोक्यात आलं नाही. उलट दर अहवालात 'सर्व संगणक चालू' असं लिहून ते बिनदिक्कत सही ठोकत आले होते.

"गुणांची बेरीज करून दाखव बघू," मॅडम मुलीला म्हणाल्या.

तिची बोटं सरसर फिरली. बरोबरचं चिन्ह, कंस, सगळं जिथल्या तिथं, एकही कळ चुकली नाही. मग तिनं हात मांडीवर घेतले. पडद्यावर अर्थातच काही हललं नाही. मॅडम वाकल्या, चष्मा सावरला आणि नखानं कागदाचा कोपरा उचकटला.

"हा काय प्रकार आहे, सर?"



"मी केलं, मॅडम," मुलगी उभी राहून खाली मान घालून म्हणाली. "गंमत म्हणून चिकटवला."

"मशीन चालू आहे ना पण?"

"आहे, आहे!" सर इतक्या चटकन बोलले की त्यांची त्यांनाच किळस आली.

"बरीच खोडकर दिसतेय. वहीत शेरा द्या हिच्या."

सरांनी वही घेतली. खरं सांगायला अजून वेळ होता. मॅडम पुढ्यातच उभ्या होत्या. पण सरांनी लिहिलं, 'शाळेच्या साहित्याशी खोडसाळपणा केला. पालकांनी समज द्यावी.' खाली सही केली. सही मात्र नेहमीसारखी झोकात आली नाही.

घंटा झाली. मॅडम गेल्या, मुलं गेली. वहीसाठी ती तेवढी थांबली होती. सरांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी आपल्या संगणकावर तोच गुणतक्ता उघडला आणि ते खुर्चीवरून उठले.

"इथं बस. माझ्या संगणकावर. कर बेरीज."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. बोटं तशीच सरसर फिरली, कळांकडे न बघता. शेवटची कळ दाबली आणि रिकाम्या चौकोनात आकडा उमटला. तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"सर, हे मी केलं?"

"हो गं. तूच केलंस."

ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग शेजारी उघडी पडलेली वही तिनं हळूच सरांपुढे सरकवली.

"मग हेही लिहाल का, सर?"