बाकीचं गणित भरून काढतं

सोनोग्राफीच्या मशीनवर माझी वीस वर्षं गेली, पण गणितवाले सर आले तेव्हा कळलं की पेशंटच्या पोटावर एवढा वेळ प्रोब फिरवून मी नुसताच हात दुखवून घेत होते. पहिल्या वर्षी सरांनी पोटातून परतणाऱ्या निम्म्याच ध्वनिलहरींवरून अख्खं चित्र काढून दाखवलं, दुसऱ्या वर्षी दहाव्या हिश्श्यावरून. "बाकीचं गणित भरून काढतं, ताई," असं मला समजावून ते दर वर्षी एक बक्षीस मिळवून यायचे.

आज नव्या पद्धतीचं प्रात्यक्षिक होतं आणि पहिले पेशंट सरांचे सासरेच, तीन महिने पोटदुखीने बेजार झालेले. सरांनी बटण दाबताच स्क्रीनवर आरशासारखं लख्ख चित्र उमटलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या डॉक्टरांनी तर 'खडा नाही, सगळं ठीक' असं लिहून खाली सहीसुद्धा ठोकली.

"या खेपेला किती लहरी लागल्या?" एका पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं.



"एकही नाही," हुकावरचा प्रोब काढत मी म्हणाले. "सर, तुमचे सासरे अजून बाहेर बाकावर पाणी पीत बसलेत."