बिननक्षीचा पेन

सोनेरी पट्टीचा पेन महादेवीनं हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत काचेवर ठेवून दिला. त्याआधीचा हिरव्या लाटांचा आणि त्याच्याही आधीचा टोपणावर मोर असलेला, दोन्ही असेच परत गेले होते. उस्मानाबादच्या बाजारात खाजाभाईंच्या दुकानात इतकं चोखंदळ गिऱ्हाईक, तेही एक पोरगी, क्वचितच यायचं.

"तो साधा काळा दाखवा, चाचा," ती म्हणाली.

काळाकुळकुळीत पेन. ना पट्टी, ना नक्षी, ना सोन्याचं पाणी. खाजाभाईंनी शाई भरून दिली आणि कागदाचा एक चिटोरा पुढं सरकवला. महादेवीनं त्यावर आपलं नाव लिहिलं. निब कुठं अडखळली नाही. पेन तिला तिथल्या तिथं आवडून गेला.

अणदूरच्या शाळेतून ती यंदा मॅट्रिक झाली होती, अख्ख्या भावकीतली पहिली. मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं आणि आप्पा कधी नाही म्हणाले नव्हते. पोरीला शिकवतात म्हणून भावकीनं नावं ठेवली, तेव्हा "माझी पोरगी हाय, म्या बघून घीन" असं चावडीपुढं सुनावणारे हेच महांतप्पा. त्यामुळं काल जेवताना ते "उद्या पेन घ्याया जाऊ, पसंत तू कर" म्हणाले, तेव्हा तिला विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. येताना मोटारीत ती ट्रेनिंगचं, तिथल्या बोर्डिंगचं बोलत राहिली. आप्पा खिडकीबाहेर बघत हूं हूं करत होते.

"ह्योच घेऊ, आप्पा. शिकवणाऱ्याच्या हातात झगमग कशाला?"

महांतप्पांनी पेन हातात घेतला. अक्षरांशी त्यांचा संबंध अंगठ्यापुरता, पण वस्तू पारखून घ्यायची खोड जुनी. "ह्येला आकडा न्हाय व्हय, खाजाभाई? खिशाला लावाया?"

महादेवी हसली. "मला खिसा कुठं हाय, आप्पा?"

आप्पा हसले नाहीत. खाजाभाईंनी खणातून एक साधा काळा आकडा शोधून टोपणाला बसवून दिला.

"नाव टाकायचं ना?" त्यांनी विचारलं.

खाजाभाईंचं शिक्षण निजामाच्या अमदानीतलं, सगळं उर्दूत. तहसीलदारापासून वकिलापर्यंत कितीकांची नावं त्यांनी पेनांवर उर्दूत कोरली होती. मग निजाम गेला, पुढं जिल्हा मुंबई राज्यात आला, कचेरीत मराठी सुरू झाली आणि गिऱ्हाईक मराठीत नाव मागू लागलं. या वयात बाराखडी कोण गिरवत बसतो? त्यांनी सोपी वाट काढली. गिऱ्हाइकानं चिटोऱ्यावर नाव लिहून द्यायचं आणि त्यांनी ते बरहुकूम कोरायचं. वाचायची गरज नव्हती, आणि आजवर एक काना चुकला नव्हता.

त्यांनी कोरा चिटोरा पुढं केला. महादेवीनं पेन उचलला.

"बसप्पा लिही," आप्पा म्हणाले.

"कोन बसप्पा?"

"जळकोटचे. शाळंत मास्तर हायत." आप्पा काचेखालच्या पेनांकडं बघत बोलत होते. "सोमवारी सुपारी फोडली. नवरदेवाला पेन आपुन द्यायचा. पोरीच्या पसंतीचा आना म्हनले ते."

"आनि ट्रेनिंग?"

"घरात एक मास्तर बास झाला की."

महादेवीला रडू आलं नाही. भावकीनं अडवलं असतं तर ती भांडली असती. पण हा तिचा माणूस होता. मोटारीत ती तासभर बोलत होती आणि तो सगळं ठाऊक असून हूं हूं करत होता. लग्नापेक्षाही तिला त्या हूं हूंचा राग आला. परक्या माणसाचा पेन तिनं स्वतःचा समजून, जीव लावून निवडला होता. बापानं तो तिच्याकडून निवडून घेतला होता.

ती चिटोऱ्यावर वाकली. लिहून झाल्यावर तिनं तो खाजाभाईंकडं सरकवला.

खाजाभाईंनी चिटोरा बघितला. मग निब चालवून बघितलेला मघाचा चिटोरा उचलून त्याच्या शेजारी धरला. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. वाचता येत नसलं तरी त्यांचं पोट डोळ्यांवरच चालत होतं. चष्म्यावरून त्यांनी महादेवीकडं पाहिलं.

"बेटी, एकदा कोरलं की खोडता येत न्हाय."

"ठावं हाय, चाचा. कोरा."

 खाजाभाईंनी मघाचा चिटोरा चुरगाळून खिशात टाकला आणि कोरायची सुई उचलली.

काळ्या पेनावर अक्षरं उमटत गेली. रेघांत पांढरा रंग भरून, फडक्यानं पुसून त्यांनी पेन महांतप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो उजेडात धरला. एवढ्या साध्या पेनावर तेवढीच काय ती शोभा होती. त्यांना ती बघून बरं वाटलं. पोरीनं भर दुकानात तमाशा केला नाही, याचंही बरं वाटलं.

"वाच की," तिच्यापुढं पेन धरत ते म्हणाले. "बराबर कोरलंय का बघ."

महादेवीनं आपल्या नावावरून सावकाश बोट फिरवलं आणि बापाला ऐकू जाईल असं वाचलं, "बसप्पा."