भूक राखून ठेवा

दोन दिवसांच्या प्रवासात नवरोबांनी एकूण एक हॉटेलात नाक मुरडलं. "याला काय जेवण म्हणतात? चव असावी तर आमच्या आईच्या हातची!" लग्नापासून हेच ऐकून बायकोचे कान किटले होते. आता सासर अर्ध्या तासावर आलं होतं, पोटात कावळे ओरडत होते, पण स्वारी गाडी थांबवेल तर शपथ.

"भूक राखून ठेव. आई सकाळपासून ओट्यापाशी उभी असेल."

शेवटी घराजवळच्या वळणावर इंजिनच तापलं आणि गाडी नेमकी एका खानावळीसमोर बंद पडली. नवरोबा बॉनेट उघडून बसले, बायको पाणी आणायला आत गेली. आत गल्ल्यापाशी घरचे स्टीलचे डबे ओळीने मांडून सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. सुनेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या आचाऱ्याला बजावत होत्या,



"नेहमीसारखा भाजीवरचा तवंग काढून द्या हो. मुलगा येतोय, त्याला बाहेरचं अजिबात चालत नाही!"