उसनी चव

उपेंद्रने ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. “नुसतं पाणी लागतंय.”

नाशिकजवळच्या वायनरीत त्याने वीस वर्षं वाइन पारखली होती. घशाच्या कर्करोगातून तो वाचला, पण उपचारांनंतर जिभेला चव आणि नाकाला वास कळेनासा झाला. तरीही मालकांनी फ्रान्सहून आणलेली जुनी रेड वाइन त्याच्याच अभिप्रायासाठी पाठवली होती.

आजवर वाइनला न शिवलेल्या हेमांगीने, त्याच्या बायकोने, तो ग्लास उचलला. “चव मी सांगते. पारख तू कर.” तिने डोळे मिटून घोट घेतला. “आधी करवंदं. मग नुकतंच टोक केलेली पेन्सिल. शेवटी सुपारीसारखी तुरट.”

तो सावरून बसला. “तुरटपणा बोचतोय?”

“नाही. मऊ आहे. हिरड्यांवर पसरतोय.”

“म्हणजे छान मुरलीय. अजून दहा वर्षं सहज टिकेल.” कित्येक महिन्यांनी त्याच्या आवाजात ठामपणा आला होता. “उद्या माझ्याबरोबर वायनरीत येशील?”

तिने हातानेच त्याला थांबायला सांगितलं. घोट कधीच गिळून झाला होता, पण चव अजून सरली नव्हती.